‘जर’ कुठे हरवला?

ब्लॉकचेनविषयीच्या लेखांत आणि भाषणांत एक विधान हमखास भेटतं. जाळ्यातले एक तृतीयांशाहून कमी संगणक बिघडले, किंवा मुद्दाम खोटं बोलू लागले, तरी बाकीच्यांचं एकमत ढळत नाही. आणि हे गणितानं सिद्ध झालेलं आहे. विधान चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. गणितातलं प्रमेय ‘जर’नं सुरू होतं आणि ‘तर’नं संपतं. त्रिकोण काटकोन असेल तरच पायथागोरसचा नियम लावायचा, हे आपण मुलांना दर वर्षी बजावतो. एकमताच्या या प्रमेयाचा ‘तर’ प्रयोगशाळेतून बाजारापर्यंत थाटात पोचला. त्याचा ‘जर’ मात्र वाटेत मागे राहिला.

ब्लॉकचेन म्हणजे अखेर एक खातेवही. तिच्या प्रती जगभर शेकडो-हजारो संगणकांवर असतात आणि त्यांचा कोणी एक मालक नसतो. म्हणून वहीचं पुढचं पान कोणतं, यावर दर वेळी सर्वांचं एकमत व्हावं लागतं. हे एकमत कसं घडवायचं, याची उत्तरं ब्लॉकचेनच्या कितीतरी आधी शोधली गेली होती. त्यातले दोन जुने निबंध आणि ब्लॉकचेनला जन्म देणारा तिसरा, असे तीन निबंध आपण जरा चिकित्सकपणे वाचू. कसोटी एकच लावू: कोणी आपला ‘जर’ किती स्वच्छ सांगितला? मग हे निबंध व्यवहारात उतरले तेव्हा काय झालं, ते पाहू.

सेनापतींची गोष्ट

लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीझ हे तिघे कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत काम करत होते. विमानाचं नियंत्रण एका संगणकावर सोपवलं आणि तोच बिघडला तर काय? म्हणून अनेक संगणक बसवायचे आणि त्यांनी आपसांत मेळ घालायचा, असा तिथला नासाच्या मदतीनं चाललेला प्रकल्प होता. अडचण अशी निघाली, की बिघडलेला संगणक गप्पच बसेल असं नाही. तो एकाला एक आकडा सांगेल आणि दुसऱ्याला दुसराच. या प्रश्नाचं गणित तिघांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे लॅम्पोर्ट यांना वाटलं, की प्रश्नाला एखादी चटकदार गोष्ट जोडली तर लोकांचं लक्ष जाईल. म्हणून १९८२ च्या निबंधात बायझंटाइन सेनापती आले: शहराला वेढा घालून बसलेले, जासुदांमार्फत हल्ला की माघार हे ठरवणारे, आणि ज्यांच्यातले काही फितूर आहेत असे.

गोष्टीचा गाभा वर्गात करून पाहता येतो. तीन मुलं घ्या. पहिला नायक. त्यानं बाकी दोघांच्या कानात सांगायचं, ‘उद्या सहल’ किंवा ‘उद्या शाळा’. मग त्या दोघांनी नायकानं काय सांगितलं ते एकमेकांना सांगायचं. तिघांपैकी एकाला खोटं बोलायची मुभा आहे, पण कोणाला ते गुपित. आता दुसऱ्या मुलानं नायकाकडून ‘सहल’ ऐकलं, आणि तिसरा म्हणाला, ‘मला तर शाळा सांगितलं.’ खोटं कोण बोललं? नायकानं दोघांना दोन गोष्टी सांगितल्या असतील, किंवा तिसरा थापा मारत असेल. दुसऱ्या मुलाच्या जागी बसून हे ओळखायला काही मार्गच नाही. आता चौथा मुलगा घ्या. नायकाखेरीज तिघं उरतात. प्रत्येकाजवळ तीन उत्तरं जमतात: एक थेट नायकाकडून आणि दोन सोबत्यांकडून. बहुमत घ्या. खोटारडा नायक असो वा तिघांपैकी एक, खरं बोलणारी सगळी मुलं एकाच उत्तरावर येतात. निबंधाचा निष्कर्ष हाच: नुसत्या तोंडी निरोपांवर काम चालवायचं, तर एक फितूर झेपायला एकूण चार जण लागतात, दोन झेपायला सात.

गोष्ट म्हणून ही अव्वल आहे. पण चांगल्या गोष्टीचा एक दोष असतो. ती मुद्द्याची जागा घेते. ‘फितूर’ हा शब्द आला की वाचक खलनायक शोधू लागतो. मूळ प्रश्न विमानातल्या बिघडलेल्या यंत्राचा होता. त्याच्या मनात काही कपट नसतं, ते फक्त चुकतं. दुसरं म्हणजे, गोष्टीत सेनापती किती हे आधीच ठरलेलं आहे आणि सगळे एकमेकांना ओळखतात. तिसरं, निरोप वेळेत पोचतो आणि न आल्यास तो आला नाही हे कळतं. चौथी बाब सर्वांत नाजूक. प्रमेय म्हणतं, फितूर एक तृतीयांशाहून कमी असतील तर. ते तितकेच असतील याची हमी प्रमेय देत नाही आणि देऊही शकत नाही. ती हमी बाहेरून आणावी लागते.

यातला वेळेचा ‘जर’ संशोधकांनीच आधी तपासला. १९८५ मध्ये मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी दाखवलं, की निरोपाला किती उशीर होईल याला काहीच मर्यादा नसेल, तर केवळ एक संगणक बंद पडण्याची शक्यताही एकमताची खात्री घालवायला पुरते. उत्तर उशिरा येतंय की येणारच नाही, हे ओळखता येत नाही. आणि नाणेफेकीसारखा योगायोगाचा आधार न घेणारी कोणतीही रीत कधी ना कधी अडकून पडू शकते. १९८८ मध्ये सिंथिया ड्वोर्क, लिंच आणि लॅरी स्टॉकमेयर यांनी मधली वाट दाखवली: जाळं काही काळ वाटेल तसं वागो, पण कधीतरी ते सुरळीत होईल एवढं धरून चालू.

सर्वांत प्रामाणिक वाक्य

त्या वाटेवरून पुढे गेला तो मिगेल कॅस्ट्रो आणि बार्बरा लिस्कोव्ह यांचा एमआयटीतला १९९९ चा निबंध. तोवर हा विषय बराचसा फळ्यावरच होता. या दोघांनी फायली सांभाळणारी खरीखुरी सेवा चार संगणकांवर चालवून दाखवली. एकाच संगणकावरच्या नेहमीच्या सेवेपेक्षा ती त्यांच्या चाचणीत फक्त ३ टक्क्यांनी हळू होती. आजच्या अनेक ब्लॉकचेनच्या पोटात या निबंधाचेच वंशज आहेत.

त्यातली युक्ती आठवीच्या मुलालाही पटेल. चार संगणक आहेत. एक कायमचा गप्प बसू शकतो, म्हणून चौघांची वाट पाहायची नाही. तिघांची संमती मिळाली की निर्णय पक्का. आता चारांतून कोणतेही तीन निवडा. पुन्हा कोणतेही तीन निवडा. दोन्ही निवडींत किमान दोघे तरी सामाईक येतातच. त्यातला एक खोटारडा निघाला, तरी दुसरा खरा असतो, आणि खरा संगणक एकाच जागेसाठी दोन वेगळ्या निर्णयांना संमती देत नाही. म्हणून दोन परस्परविरोधी निर्णय पक्के होऊच शकत नाहीत. जाळं कितीही मंदावलं तरी हे खरं राहतं. मंदावलेल्या जाळ्यात काम थांबेल, पण चुकणार नाही.

मला या निबंधाचं कौतुक मात्र दुसऱ्याच गोष्टीसाठी वाटतं. त्यात सुरुवातीलाच लेखक सांगतात, की संगणक एकमेकांशी संबंध नसताना स्वतंत्रपणे बिघडतात असं आम्ही धरलेलं आहे. आणि हल्लेखोरांच्या जगात हे खरं ठरावं असं वाटत असेल, तर प्रत्येक संगणकावर वेगळ्या हातांनी लिहिलेली आज्ञावली, वेगळी कार्यप्रणाली, वेगळा पासवर्ड आणि वेगळा व्यवस्थापक असायला हवा. या विषयातलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य म्हणायला हवं. सेनापतींच्या गोष्टीत बाहेरून आणावी लागणारी हमी कुठून आणायची, ते इथे सांगितलंय.

पण निबंधावर टीकाही हीच. मोजमापं घेतली गेली ती एकाच बनावटीच्या, एकच कार्यप्रणाली असलेल्या यंत्रांवर. वेगाची चाचणी घ्यायला ते रास्त आहे. मात्र ३ टक्क्यांचा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि त्या वाक्याची किंमत कोणी मोजली नाही. चार वेगळ्या आज्ञावल्या लिहून घ्यायच्या, चार वेगळे व्यवस्थापक नेमायचे, तर खर्च किती पटींनी वाढेल?

शिवाय तेवढं करूनही हमी मिळतेच असं नाही. जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून एकाच कामासाठी स्वतंत्रपणे २७ आज्ञावल्या लिहून घेतल्या आणि त्या दहा लाख चाचण्यांतून काढल्या. चुका स्वतंत्र असत्या, तर जितक्या वेळा एकाहून अधिक आज्ञावल्या एकाच चाचणीत चुकायला हव्या होत्या, त्याहून कितीतरी जास्त वेळा त्या एकत्र चुकल्या. शिक्षकांना याचं नवल वाटणार नाही. एकमेकांची वही न पाहता सोडवलेल्या गणितातही अर्धा वर्ग एकाच पायरीवर घसरतो. अवघड जागा सगळ्यांना सारखीच अवघड असते.

सेनापती किती, हेच माहीत नसेल तर?

तिसरा निबंध सातोशी नाकामोतो या टोपणनावानं ऑक्टोबर २००८ मध्ये आला, आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झालं. जुन्या निबंधांचा एक ‘जर’ यानं थेट मोडून काढला. मतदार कोण आणि किती, हे आधी ठरलेलं असायची गरज नाही. कोणीही यावं, कोणीही जावं. यातला धोका जॉन ड्युसर यांनी २००२ मध्येच दाखवला होता: ओळख पटवणारी संस्था नसेल, तर एकच माणूस हजार नावं घेऊन हजार मतं देईल. नाकामोतोनं मतं नावावर न मोजता कष्टावर मोजली. ज्यानं संगणकाला अधिक राबवलं, त्याचं मत जड. कष्टाचा पुरावा मागण्याची कल्पना जुनी होती. टपालपेटीत येणाऱ्या नकोशा ई-पत्रांना आळा घालण्यासाठी ड्वोर्क आणि मोनी नाओर यांनी ती १९९२ मध्ये मांडली होती. तिचा इथे केलेला उपयोग मात्र अस्सल होता.

या निबंधाच्या संदर्भसूचीत जेमतेम आठ नोंदी आहेत. त्यांत लॅम्पोर्ट नाहीत, लिस्कोव्ह नाहीत. त्यामुळे आपण काय मिळवलं आणि त्या बदल्यात काय सोडलं, हा हिशेब तिथे मांडला गेला नाही. १९९९ च्या रीतीत पक्का झालेला निर्णय पक्काच असतो. बिटकॉइनमध्ये पान जितकं जुनं, तितकी ते बदलण्याची शक्यता कमी, एवढंच म्हणता येतं. बहुतांश ताकद प्रामाणिक लोकांच्या हाती असेल, हा ‘जर’ निबंधात आहे. पण लोक प्रामाणिक का राहतील, यासाठी तिथे त्यांच्या फायद्याचा दाखला आहे. तो पुरेसा नाही, हे इत्ताय इयाल आणि एमीन ग्युन सिरेर यांनी २०१३ मध्ये दाखवलं. निम्म्याहून कमी ताकदीचा गटही सापडलेलं पान काही काळ लपवून ठेवून आपल्या वाट्यापेक्षा जास्त कमाई करू शकतो.

दोन घराण्यांची सोयरीक

नाकामोतोच्या रीतीला दोन गोष्टी जड गेल्या: वीज आणि वेळ. म्हणून पुढच्या लोकांनी जुन्या संशोधनाकडे मान वळवली. मत कष्टावर मोजण्याऐवजी तारण ठेवलेल्या रकमेवर मोजायचं, आणि मतदार ठरले की कॅस्ट्रो-लिस्कोव्ह यांच्या वळणाची दोन तृतीयांशांची रीत लावायची. जे क्वॉन यांनी २०१४ मध्ये मांडलेलं टेंडरमिंट याच विचाराचं. त्यावर उभी असलेली कॉसमॉसची मुख्य साखळी मार्च २०१९ मध्ये सुरू झाली. म्होरक्या बदलताना होणारी निरोपांची प्रचंड देवाणघेवाण हॉटस्टफ या २०१८ च्या रीतीनं आटोक्यात आणली. इथेरियमनं १५ सप्टेंबर २०२२ रोजी कष्टाचा पुरावा सोडून तारणाचा मार्ग धरला. त्याचा विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. हे यश निर्विवाद आहे, आणि ते संशोधनाच्या पायावर उभं आहे.

आता ठेचांकडे पाहू. प्रत्येक ठेचेपाशी एकच प्रश्न विचारू: कोणता ‘जर’ निसटला?

मार्च २०१३ मध्ये बिटकॉइनची साखळी दुभंगली. नव्या आवृत्तीतल्या संगणकांनी एक मोठं पान स्वीकारलं; जुन्या आवृत्तीतल्यांना ते पेललं नाही आणि त्यांनी ते नाकारलं. कारण होतं आज्ञावलीनं वापरलेल्या माहितीसाठ्याच्या व्यवस्थेतला एक फरक. फितूर कोणीच नव्हता. काही तास दोन वह्या चालू राहिल्या. अखेर माणसांनी आपसांत बोलून ठरवलं, आणि मोठी ताकद असलेल्या काहींनी स्वतःहून जुनी आवृत्ती बसवली. त्या क्षणी पुढे असलेली साखळी त्यासाठी सोडून द्यावी लागली.

१४ सप्टेंबर २०२१ रोजी सोलाना ही साखळी सुमारे १७ तास बंद पडली. एका नव्या टोकनच्या विक्रीसाठी स्वयंचलित आज्ञावल्यांनी व्यवहारांचा पूर लोटला, आणि सगळीकडे एकच सॉफ्टवेअर असलेले संगणक एकाच कारणानं कोलमडले. पुन्हा कुठून सुरू करायचं, हे संगणक चालवणाऱ्या माणसांनी ठरवलं.

मार्च २०२२ मध्ये रोनिन या साखळीला इथेरियमशी जोडणाऱ्या पुलावरून सुमारे ६० कोटी डॉलर चोरीला गेले. पैसे सोडायला नऊपैकी पाच सह्या लागत. आकडा ऐकायला बरा वाटतो. पण त्या नऊपैकी चार किल्ल्या एकाच कंपनीकडे होत्या, आणि पाचवीपर्यंत पोचायची वाट तिथूनच जात होती. कागदावर नऊ सेनापती होते. पाच सह्या चोरायला एकाच छावणीत शिरणं पुरलं. हा एकमताच्या रीतीचा दोष नव्हे, मोजणीचा आहे.

याच्या उलट उदाहरणही आहे. मे २०२३ मध्ये ११ आणि १२ तारखेला इथेरियमवर पानं पक्की होणं थोड्या-थोड्या काळासाठी थांबलं, दुसऱ्या वेळी तासाहून अधिक. काही सॉफ्टवेअर एका विशिष्ट प्रकारच्या निरोपांच्या भारानं दमली होती. पण इथेरियमवर वेगवेगळ्या गटांनी लिहिलेली सॉफ्टवेअर चालतात, आणि त्यांतली काही त्या भाराखाली टिकली. साखळी आपोआप सावरली आणि परस्परविरोधी पानं पक्की झाली नाहीत. १९९९ च्या त्या वाक्याची किंमत इथे निदान अंशतः मोजलेली होती.

आणि एक प्रकरण असं, जिथे ‘जर’ यंत्राच्या बाहेरच होता. फेसबुकनं जून २०१९ मध्ये जाहीर केलेलं लिब्रा हे चलन हॉटस्टफवर उभं राहणार होतं. एकमताची रीत त्या काळातल्या उत्तम रीतींपैकी होती. पण चलन कोणी काढायचं, यावर सरकारं आणि नियामक यांचं एकमत झालं नाही. नाव बदलून डिएम केलं, तरी जानेवारी २०२२ मध्ये प्रकल्प गुंडाळावा लागला.

आपल्याशी याचा संबंध काय?

संबंध दाखल्यांचा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये जातीच्या दाखल्यांची नोंद पॉलिगॉन या सार्वजनिक साखळीशी जोडण्याचा उपक्रम झाला. शैक्षणिक प्रमाणपत्रांसाठीही असे उपक्रम येत राहतील, आणि शाळेला त्यांच्याशी व्यवहार करावा लागेल. तेव्हा एक गोष्ट ध्यानात असावी. एकमताची रीत एवढंच सांगते, की सगळ्यांकडची वही सारखी आहे आणि नंतर कोणी खाडाखोड केलेली नाही. पहिली नोंद करणाऱ्यानं नाव किंवा जन्मतारीख चुकीची लिहिली, तर ती चूक सगळीकडे सारखी आणि न पुसता येणारी होईल. हा लाभ कमी नाही. बनावट दाखले ओळखायला तो फार उपयोगी आहे. पण ‘खरं’ आणि ‘न बदललेलं’ यांत फरक आहे, आणि तो फरक दाखल्यावर नाव असलेल्या मुलाला भोगावा लागतो.

म्हणून कोणी अशी व्यवस्था घेऊन आलं, तर चार प्रश्न विचारावेत. मतदार किती, आणि ते कोण मोजतं? त्यांच्या चुका एकत्र होण्याजोगं त्यांच्यात काय सामाईक आहे: सॉफ्टवेअर, जागा, मालक? जाळं थांबलं तर पुन्हा सुरू कोण करतं? आणि पहिली नोंद चुकली, तर दुरुस्ती कुठे मागायची? उत्तरादाखल कोणी गणिती सिद्धतेचं नाव घेतलं, तर त्यातला ‘जर’ वाचून दाखवायला सांगावं.

मुलांना हे समजावायला वर दिलेला चौघांचा खेळ पुरतो, फक्त एक बदल करून. नायक खरं बोलणारा ठेवा आणि उरलेल्या तिघांच्या दोन भूमिका गुपचूप एकाच मुलाला द्या. त्यानं चिठ्ठ्यांवर दोन नावांनी उत्तरं लिहावीत. नायक ‘सहल’ सांगेल, दोन चिठ्ठ्या ‘शाळा’ म्हणतील, आणि बिचारा प्रामाणिक मुलगा बहुमतानं दप्तर घेऊन येईल. नियम तोच, चार नावंही तीच. उत्तर का चुकलं, हे मुलांनाच शोधू द्या.